भारी इंग्रजी शब्द नंतर, आधी सही करताय त्या कागदातले शब्द शिका



या आठवड्याचा व्हिडिओ इंग्रजी शब्दसंग्रहावर होता. बारा मिनिटांत सगळं काही बसलं नाही, म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहितोय. वाचायला घेण्याआधी एक काम करा. घरात किंवा दुकानात तुमच्या नावाचा जो कुठला इंग्रजी कागद असेल तो जवळ घ्या. कर्जाचं मंजुरीपत्र, गाळ्याचा भाडेकरार, विम्याची पॉलिसी, डिस्ट्रिब्युटरचं ॲग्रीमेंट, काहीही चालेल. खाली तुमची सही आहे असा कागद असला तर उत्तमच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ या नावाने सध्या जे काही विकलं जातं, त्यातलं नव्वद टक्के नव्या व्यावसायिकाच्या उपयोगाचं नाही. युबिक्विटस, मेटिक्युलस, सेरेन्डिपिटी, असे रोज दहा शब्द, सोबत एका ओळीचा मराठी अर्थ, मागे म्युझिक. शब्द वाईट नाहीत हो. पण मी स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो, माझ्या काउंटरवर आजपर्यंत कुणी सेरेन्डिपिटीची झेरॉक्स काढायला आलेलं नाही. जे कागद येतात त्यांच्यात शब्द असतात हायपोथिकेशन, इन्डेम्निटी, फोरक्लोजर, लायबल. आणि कागद आणणारा माणूस म्हणतो, “दोन कॉपी काढा, सही कुठं करायची तेवढं बघून सांगा.”

सही कुठं करायची ते मी सांगतोच. पण त्याने विचारायला हवं ते वेगळंच आहे.

म्हणून माझ्या बॅचमध्ये मी ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाचा अर्थच बदलून टाकलाय. जो शब्द न कळल्यामुळे तुमच्या खिशातून पैसे जाऊ शकतात, तो तुमच्यासाठी ॲडव्हान्स्ड शब्द. बाकीचे हौसेचे. हौस जरूर करा, पण हप्ता भरून झाल्यावर.

ओळखीचे शब्दच जास्त फसवतात

लोकांना वाटतं लांबलचक, तोंडात न बसणारा शब्द म्हणजे अवघड. माझा अनुभव उलटा आहे. ‘हायपोथिकेशन’ दिसला की माणूस थांबतो, निदान कुणाला तरी विचारतो. पण ‘लिव्ह’ दिसला की थांबत नाही, कारण तो शब्द त्याला पाचवीपासून येतोय.

‘लिव्ह अँड लायसन्स’ घ्या. महाराष्ट्रात गाळा भाड्याने घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडात हा शब्द असतो. यातल्या ‘लिव्ह’चा अर्थ काय, असं मी प्रत्येक बॅचला विचारतो. निम्मे म्हणतात ‘सोडून जाणे’, काही म्हणतात ‘रजा’. एक जण म्हणाला, “राहणे, सर. लिव्ह म्हणजे राहणे.” इथे तिन्ही चूक. इथे ‘लिव्ह’ म्हणजे परवानगी. मालकाने तुम्हाला जागा वापरायची परवानगी दिलेली आहे, जागेत तुमचा हक्क तयार केलेला नाही. ‘लीज’ म्हणजे भाडेपट्टा, त्यात जागेतला काही हक्क ठरलेल्या मुदतीसाठी तुमच्याकडे येतो. दोन्हींत तुम्ही महिन्याला तेवढेच पैसे देता, पण कायद्याच्या नजरेत तुम्ही दोन वेगळी माणसं असता. गाळ्यात तीन-चार लाखांचं फर्निचर करण्याआधी आपण यातले कोण, हे माहीत असलेलं बरं.

‘आउटस्टँडिंग’ही असाच. शाळेच्या प्रगतिपुस्तकात आला तर पेढे वाटायचे, बँकेच्या पत्रात आला तर बाकी भरायची. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार, हे आपल्याला शाळेत शिकवलं, पण करारात तो मोबदला असतो. ‘एक्झिक्यूट’ म्हटलं की बातम्यांमधली फाशी आठवते, करार एक्झिक्यूट करणं म्हणजे मात्र सह्या करून तो पक्का करणं. ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे पेटी-तबला नाही, चेक किंवा प्रॉमिसरी नोट. ‘सर्व्ह’ हॉटेलात जेवण करतात, इथे नोटीस करतात.

आणि दोन छोटुकले शब्द, ‘शॅल’ आणि ‘मे’. अख्ख्या करारात मी एकच गोष्ट बघायला सांगितली तर ही सांगेन. ‘शॅल’ म्हणजे करावंच लागेल. ‘मे’ म्हणजे वाटलं तर करेल. आता तुमच्या हातातला कागद उघडा आणि पेनाने गोल करा. तुमच्या नावापुढे किती ‘शॅल’ आहेत आणि समोरच्या पार्टीच्या नावापुढे किती ‘मे’ आहेत ते मोजा. ‘द डिस्ट्रिब्युटर शॅल मेन्टेन मिनिमम स्टॉक’ आणि ‘द कंपनी मे अक्सेप्ट रिटर्न्स’. म्हणजे माल तुम्ही ठेवायचाच, परत घ्यायचा की नाही ते कंपनी बघेल. डिक्शनरीत ‘मे’चा अर्थ शोधायला कोण जातं? कुणीच नाही. म्हणून तर तो तिथे निवांत बसलेला असतो.

मोरॅटोरियमने शिकवलेला धडा

एका शब्दाचा अर्थ न कळल्याने काय होतं याचं मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी बघितलंय. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांच्या मोरॅटोरियमची मुभा दिली, पुढे ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढली. बाजारपेठेत बातमी काय पसरली? “हप्ते माफ झाले.”

मोरॅटोरियम म्हणजे माफी नाही. मोरॅटोरियम म्हणजे थांबा. हप्ता पुढे ढकलला, पण मुद्दल तसंच उभं आणि त्यावरचं व्याज चालू. माफीला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, ‘वेव्हर’. ज्याला या दोन शब्दांतला फरक माहीत होता, त्याने हिशोब केला: हातात पैसे आहेत तर भरत राहू, नाहीतर थांबू. ज्याला माहीत नव्हता, त्याला सप्टेंबरमध्ये कर्जाची मुदत वाढलेली दिसली. पुढे त्या काळातलं व्याजावरचं व्याज परत देण्यात आलं हे खरं, पण मूळ व्याज द्यावंच लागलं.

मोरॅटोरियमसाठी ‘हप्तेस्थगिती’ असा सोपा मराठी शब्द आहे. पण केवळ प्रतिशब्द पाठ करून फरक कळला असता का? मला शंका आहे. कळला असता तो एका वाक्याने: ‘जर मी मोरॅटोरियम घेतला, तर मला आत्ता हप्ता भरावा लागणार नाही, पण व्याज चढत राहील आणि शेवटी मी जास्त पैसे भरेन.’ असं वाक्य ज्याच्याकडे होतं तो वाचला.

व्याख्या कशी असावी

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण मला तो आवडतो. (बीबीएला असताना लायब्ररीत बसून कॉस्टिंगपेक्षा डिक्शनऱ्यांच्या प्रस्तावना जास्त वाचल्या, घरी सांगू नका.)

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा लोकांसाठी डिक्शनरी कशी लिहायची, याचा विचार करणारी पहिली मंडळी इंग्लंडमध्ये बसून नव्हे, तर आशियात शिकवताना विचार करत होती. मायकेल वेस्ट हा माणूस बंगालमध्ये, ढाक्याला शिक्षणाचं काम करत होता. त्याने १९३५ मध्ये एक डिक्शनरी काढली, तिच्यात हजारो शब्दांचे अर्थ फक्त १,४९० सोप्या शब्दांचा वापर करून सांगितले होते. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये शिकवत होता. त्याची डिक्शनरी १९४२ ला टोकियोत छापली गेली आणि १९४८ ला ऑक्सफर्डने काढली, तीच पुढे ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणून जगभर गेली. १९७८ ला लाँगमनने सुमारे २,००० शब्दांत सगळ्या व्याख्या बसवल्या. आणि १९८७ ला बर्मिंगहॅमहून ‘कोबिल्ड’ आली, तिने व्याख्या पूर्ण वाक्यात लिहायला सुरुवात केली. म्हणजे ‘अमुक: तमुक करण्याची क्रिया’ असं न लिहिता ‘जर कुणी तुम्हाला असं केलं, तर त्याला असं म्हणतात’ असं.

मला विचाराल तर धंद्याच्या शब्दांसाठी ही शेवटची पद्धत सगळ्यात भारी आहे. कारण करार म्हणजे तरी काय? जर-तरच. जर हप्ता चुकला तर, जर माल खराब निघाला तर, जर गाळा आधी सोडला तर. म्हणून शब्दाची व्याख्या ‘जर-तर’मध्येच लिहायची.

एक करून बघू. शब्द: लॉक-इन पिरियड. गुगलवर मराठी अर्थ शोधलात तर ‘बंदिस्त कालावधी’ वगैरे काहीतरी येईल. त्याने काय समजतं? काही नाही. आता असं लिहा:

जर करारात बारा महिन्यांचा लॉक-इन पिरियड असेल आणि मी पाच महिन्यांनी गाळा सोडला, तर उरलेल्या सात महिन्यांचं भाडं मालक माझ्याकडे मागू शकतो. माझं भाडं १४,००० रुपये. सात गुणिले १४,०००, म्हणजे ९८,००० रुपये.

आता हा शब्द जन्मात विसरणार नाही. कारण अर्थाला आकडा चिकटला.

माझ्याकडे वहीत प्रत्येक शब्दाला चार ओळी असतात. पहिल्या ओळीत शब्द आणि तो कुठल्या कागदावर भेटला ते. दुसरीत जर-तरची व्याख्या, मराठीत, आपण घरी बोलतो त्या मराठीत. तिसरीत मूळ कागदातलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं. चौथीत आपलं स्वतःचं इंग्रजी वाक्य, त्यात आपल्या दुकानाचं नाव आणि आपला आकडा. चौथी ओळ सगळे टाळतात. “सर, ग्रामर चुकेल.” चुकू दे. ती वही आहे, प्रतिज्ञापत्र नाही.

तिसरी ओळ जशीच्या तशी का लिहायची, तर शब्द कधी एकटा फिरत नाही. त्याची संगत ठरलेली असते. विम्याचा क्लेम ‘लॉज’ करतात, मग तो ‘सेटल’ होतो किंवा ‘रिपुडिएट’ होतो. लोन ‘सँक्शन’ होतं, मग ‘डिस्बर्स’ होतं. हे दोन शब्द वेगळे का, हे ज्या दिवशी खात्यात प्रोसेसिंग फी आणि इन्शुरन्स कापून रक्कम येते त्या दिवशी कळतं. सँक्शन म्हणजे मंजूर, डिस्बर्स म्हणजे प्रत्यक्ष हातात. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधलेला असतो तसे हे शब्द जोडीने बांधलेले असतात, जोडीनेच शिका.

आता दुसरा एक शब्द, जो मी प्रत्येक बॅचमध्ये फळ्यावर हिशोब करून दाखवतो: ‘फ्लॅट रेट’. एक लाख रुपये, एक वर्ष, बारा टक्के फ्लॅट. जर व्याज फ्लॅट असेल, तर मी मुद्दल फेडत गेलो तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावरच मोजलं जाईल. म्हणजे व्याज १२,००० आणि हप्ता साधारण ९,३३३. तेच बारा टक्के ‘रिड्युसिंग बॅलन्स’वर असतील, तर उरलेल्या मुद्दलावरच व्याज. हप्ता साधारण ८,८८५, वर्षाचं व्याज सुमारे ६,६००. टक्केवारी तीच, व्याज जवळजवळ दुप्पट. ते बारा टक्के फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगच्या भाषेत साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातात. एवढा फरक फक्त एका विशेषणात आहे. शोरूमवाला “बाराच टक्के आहे दादा” म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. एक शब्द गिळलेला असतो, इतकंच.

जामीन राहण्याआधी

हा भाग जरा नीट वाचा, कारण इथे नात्यातले लोक असतात.

आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे “एक सही हवीय रे”. मामाला, मेव्हण्याला, शेजारच्या दुकानदाराला आपण सही देतो आणि समजतो की मूळ कर्जदार पूर्णपणे बुडाला, त्याचं सगळं विकून झालं, तरच आपल्याकडे येतील. कागदावर मात्र शब्द असतात ‘जॉइंटली अँड सेव्हरली लायबल’. ‘सेव्हरली’ला बरेच जण ‘सिव्हिअरली’ समजतात, म्हणजे ‘कडक जबाबदार’. नाही. सेव्हरली म्हणजे सुटा-सुटा, प्रत्येक जण वेगळा. जर तीन जणांनी ‘जॉइंटली अँड सेव्हरली’वर सही केली आणि सहा लाख थकले, तर बँक दोन-दोन लाख मागेल असं नाही, ती एकट्या तुमच्याकडे पूर्ण सहा लाख मागू शकते. मग तुम्ही बाकीच्यांकडून वसूल करत बसा.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १२८ मध्ये, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते असं म्हटलंय, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. तिथला शब्द आहे ‘को-एक्स्टेन्सिव्ह’. दोघांची लांबी-रुंदी सारखी. मी हा शब्द बॅचमध्ये सांगतो तेव्हा वर्गात हमखास शांतता होते, कारण जवळजवळ प्रत्येकाची कुठे ना कुठे एक सही असते.

जामीन राहूच नका असं मी म्हणत नाही. आपल्या माणसासाठी आपण नाही उभं राहायचं तर कोण राहणार. पण सही करताना ‘मी साक्षीदार आहे’ आणि ‘मी सहा लाखांचा देणेकरी आहे’ या दोन वाक्यांतलं आपलं वाक्य कोणतं, ते माहीत असावं.

शब्द आपल्या बाजूनेही उभे राहतात

हे वाचून असं वाटेल की इंग्रजी शब्द म्हणजे सगळे सापळेच. तसं नाही.

आमच्या एका बॅचमध्ये मसाले आणि चटण्या बनवणाऱ्या एक ताई होत्या. घरच्या मागच्या खोलीत युनिट, चार बायका कामाला, उद्यम नोंदणी केलेली. एका मोठ्या खरेदीदाराला माल द्यायच्या. त्यांच्या पर्चेस ऑर्डरवर छापलेलं, पेमेंट नव्वद दिवसांत. शंभराव्या दिवशी फोन केला की उत्तर, “माल अजून क्वालिटीने ॲक्सेप्ट केलेला नाही, त्यामुळे दिवस सुरूच झाले नाहीत.”

त्या आठवड्याचा आमचा शब्द होता ‘डीम्ड’. हा शब्द मराठीत दोन-तीन रूपांत फिरतो. डीम्ड युनिव्हर्सिटीला आपण अभिमत विद्यापीठ म्हणतो, सोसायटीच्या डीम्ड कन्व्हेयन्सला मानीव अभिहस्तांतरण. (खरं सांगायचं तर हे मराठी शब्द समजायला मला इंग्रजी शब्दाची मदत घ्यावी लागली.) व्याख्या सोपी: जर कायद्याने एखादी गोष्ट ‘डीम्ड’ म्हटली, तर ती प्रत्यक्षात झाली असो वा नसो, झालीच असं धरून चालायचं.

आता २००६ चा एमएसएमई विकास कायदा बघा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचे, आणि लेखी काहीही ठरलेलं असलं तरी ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. स्वीकारला कधी? जर खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तो दिवसच ‘डीम्ड ॲक्सेप्टन्स’चा दिवस. म्हणजे “अजून ॲक्सेप्ट केला नाही” हे तोंडी उत्तर चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. माझ्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराची उद्यम नोंदणी प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती असते, या व्याजापुरती नाही.

ताईंनी चार ओळींचं ईमेल लिहिलं. त्यात भारी शब्द एकही नव्हता. माल कोणत्या तारखेला दिला, लेखी हरकत आलेली नाही, म्हणून माल ‘डीम्ड टू बी ॲक्सेप्टेड’ आहे, आणि इनव्हॉइस इतके दिवस ‘ओव्हरड्यू’ आहे. “काइंडली डू द नीडफुल”सुद्धा नाही. दोन बिलांचे पैसे आले. पुढची ऑर्डर मात्र निम्मी आली, तेही सांगतो. शब्द माहीत असले म्हणून समोरचा खूश होतो असं नाही. पण निम्म्या ऑर्डरचे पैसे वेळेवर मिळतात, आणि ताईंचं म्हणणं, “उरलेला माल मी आठवडी बाजारात रोखीने विकते, झोप लागते.”

दोन हरकती

पहिली हरकत नेहमीची: “मोबाइलवर ट्रान्सलेट होतं की. फोटो काढला की झालं.” काढा ना, मीही काढतो. कागदाचा अंदाज यायला चांगलं साधन आहे. पण ‘लिव्ह’ला रजा आणि ‘कन्सिडरेशन’ला विचार असं भाषांतर झालं, तर ते चुकलंय हे ओळखायला तुम्हालाच शब्द माहीत हवा. शिवाय बँकेत साहेब समोर बसलेले असताना, मागे रांग असताना, सत्तावीस पानांचे फोटो कोण काढत बसणार? तिथे डोळ्यांनीच चाळावं लागतं, आणि डोळा ओळखीच्या शब्दावरच थांबतो.

दुसरी हरकत मला जास्त पटते: आपण का म्हणून इंग्रजी शिकायचं, त्यांनी मराठीत कागद द्यावेत. बरोबर आहे. आणि हे मागायचा हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तिगत आणि एमएसएमई मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं आहे. त्यात एपीआर म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाला पडणारा टक्का लिहिलेला असतो. फ्लॅट रेटची सगळी जादू त्या एका आकड्यापुढे उघडी पडते. “केएफएस मराठीत द्या” एवढं बोललात तरी समोरच्याची बसायची पद्धत बदलते. पण तुमच्या लक्षात आलं का, मराठी कागद मागायलासुद्धा ‘केएफएस’ आणि ‘एपीआर’ हे शब्द लागले. म्हणून मागणी चालू ठेवा आणि वहीही चालू ठेवा.

इंग्रजी बोलण्याच्या आत्मविश्वासाबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलणारे खूप आहेत.

सुरुवात किती शब्दांनी

आठवड्याला पाच. जास्त नको. वर्षातून सण, लग्नसराई, यात्रा, मुलांच्या परीक्षा वगळून चाळीस आठवडे धरले तर दोनशे शब्द होतात. माझ्या मते छोट्या धंद्याला दोनशे शब्द पुष्कळ झाले, कारण कागद बदलतात पण शब्द तेच असतात. कर्जाचे पन्नास-साठ, भाडेकराराचे तीस, जीएसटीचे तीस-चाळीस, विम्याचे वीस-पंचवीस, बाकी तुमच्या लाइनचे.

विसरण्याचं काय? विसरणारच. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यात वेगाने उडून जातं. उपाय एकच, थोडं-थोडं अंतर ठेवून पुन्हा बघणं. मी दुकानात रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापतो, एका बाजूला शब्द, मागे जर-तर. तीन गठ्ठे, तीन रबर बँड. रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा. उत्तर आलं तर पुठ्ठा पुढच्या गठ्ठ्यात, चुकलं तर परत रोजच्यात. दुपारी दोन ते चार बाजारपेठ झोपलेली असते, तेव्हा दहा मिनिटं पुरतात.

सुरुवातीला सगळ्यात जवळचा कागद घ्या. गाडी कर्जावर असेल तर आरसीवर ‘हायपोथिकेटेड टू’ आणि पुढे बँकेचं नाव दिसेल. जर गाडी हायपोथिकेट असेल, तर गाडी माझ्या ताब्यात राहते, पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवून घ्यायचा असतो. कित्येकांचं कर्ज फिटून वर्षं झाली तरी एचपी तशीच असते, आणि गाडी विकायला काढली की धावपळ सुरू होते. तुमची आरसी आज काढून बघा. कंपोझिशनमध्ये असाल तर स्वतःच्याच बिलावरचं वाक्य वाचा, ‘नॉट एलिजिबल टू कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाइज’. रोज शंभर वेळा ते गिऱ्हाइकाला देताय. ‘एलिजिबल’ आणि ‘सप्लाय’, दोन शब्द इथेच झाले.

मोठ्या रकमेचा करार असेल तर वकील किंवा सीएला दाखवाच, ही वही त्यांची जागा घेत नाही. फक्त त्यांच्याकडे गेल्यावर “सगळं ठीक आहे ना?” असं विचारण्याऐवजी “क्लॉज अकरामधला इन्डेम्निटीचा मुद्दा मला समजवा” असं विचारता येतं. फी तेवढीच लागते.

पुढच्या व्हिडिओत डिस्ट्रिब्युटरशिपचं ॲग्रीमेंट ओळीओळीने घेणार आहे. येताना वहीत हे तीन शब्द चार-चार ओळींत लिहून आणा: टर्मिनेशन, टेरिटरी, एक्सक्लुझिव्ह. तिसरा शब्द सोपा वाटेल. ‘एक्सक्लुझिव्ह’ नेमकं कोण कोणाशी, म्हणजे कंपनी तुमच्या तालुक्यात दुसऱ्याला माल देणार नाही, की तुम्ही दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही, हे तुमच्या कागदावर कसं लिहिलंय ते शोधून या.